शिमगा ते मृग : ओस पडलेल्या घरवाडीची उभारणी

कवींचा वसंत ऋतु आणि शेतकऱ्याचा वसंत ऋतु हे दोन निराळे ऋतु आहेत. कवीला मोहोर दिसतो व कोकिळेचा स्वर ऐकूं येतो. शेतकऱ्याला दिसतात ते पावसाळ्यापूर्वीं हाताशीं उरलेले दिवस. त्यांतहि कोंकणांतील शेतकऱ्याचा हिशेब अधिक कडक, कारण रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांतच कोसळतो. ज्या घराला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाहीं, त्या घराच्या दृष्टीनें वसंत ऋतु म्हणजे शिमग्याची पालखी देवळांत परतल्यापासून ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागेपर्यंतचे १० ते १३ आठवडे. एवढ्या अवधींत घर, खळें, गोठा, विहीर, परसांतलीं झाडें व सभोंवतीचा गडगा मिळून जी घरवाडी होते, ती पुन्हा उभी करावयाची असते. निदान ती आडवी होणार नाहीं एवढी तजवीज करावयाची असते.

अशा कुलुपबंद घरवाड्या कोंकणांत गांवोगांव आहेत. मुंबईच्या गिरण्या सुरू झाल्यापासून या प्रदेशानें आपलीं तरणीं माणसें त्या शहराला दिलीं. एक भाऊ गांवीं, बाकीचे मुंबईस, ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालली; पुढें गांवचा भाऊ थकला, त्याचीं मुलेंहि शहरांत गेलीं आणि घराला कुलूप लागलें. १९८२ सालीं सुरू झालेल्या गिरणी-संपानंतर कांहीं कुटुंबें परतलीं. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली व येणें-जाणें सोपें झालें. २०२० सालच्या टाळेबंदींत तर अनेकांना आपलें गांवचें घर बऱ्याच वर्षांनीं सावकाश पाहावयास मिळालें. त्याच वर्षीं ३ जून रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर चढलें आणि रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरें उडालीं. ज्या घरांत माणूस होतें तेथें आठ दिवसांत ताडपत्री तरी चढली. ज्या घराला कुलूप होतें तें तो सगळा पावसाळा उघडें भिजत राहिलें.

परत आलेल्या घरधन्याची चूक बहुधा एकाच जातीची असते. तो हौसेनें येतो आणि पुढल्या दारापासून सुरुवात करतो. ओटीला नवी लादी, दर्शनी भिंतीला रंग, फाटकाला लोखंडी दार. जें शेजाऱ्यांच्या व पाहुण्यांच्या नजरेंत भरेल तें आधीं होतें. मग आषाढांत माजघराच्या छपरांतून धार लागते, त्या नव्या लादीवर भिंतीचा चिखल उतरतो, आणि पैसा व हौस दोन्ही एकदमच संपतात. दुसऱ्या वर्षीं तो येत नाहीं. यासाठीं पहिल्या वसंतांतील कामांची यादी एकाच प्रश्नावर बेतलेली बरी : येणारा पाऊस कशाचा नाश करील? ज्याचा करील तें मृगापूर्वीं. बाकीचें सर्व दिवाळीनंतर. रंग दिवाळीनंतरहि देतां येतो. कुजलेला वासा दिवाळीपर्यंत थांबत नाहीं.

दिवसांची मोजणीहि उलट्या बाजूनें करावयाची असते. मृगाची तारीख ७ जून असली तरी कामाची शेवटची तारीख ती नव्हे. मे महिन्यांत वळवाच्या सरी येतात; शिवाय २०२१ सालीं ‘तौक्ते’ चक्रीवादळ १६ व १७ मे या दिवशींच कोंकण किनाऱ्याला घासून गेलें. तेव्हां छपर उघडण्याचें काम १५ मेच्या आंत पुरें झालें पाहिजे असें धरून चालावें. त्यांत आणखी एक अडचण अशी कीं, एप्रिल व मे हे दोन महिने आंब्याचे. जो गडी फाल्गुनांत सहज मिळतो, तो चैत्रांत बागेंत गुंतलेला असतो. मोठ्या बागांतून तर नेपाळांतून आलेले कामगार राबत असतात, इतकी माणसांची ओढ. सुतार आणि कौलें चाळणारे यांच्याकडे मे महिन्यांत सगळ्या गांवाचें काम असतें. ज्याला वैशाखांत सुतार हवा आहे त्यानें त्याला शिमग्यांतच, पालखी खांद्यावर असतांना, विचारून ठेवावें. लाकूड, चिरे व वाळू यांची ने-आणहि वाट कोरडी आहे तोंपर्यंतच.

पहिलें काम मात्र घरांतलें नव्हे. फाल्गुनांत रानांतलें गवत वाळून कोळ झालेलें असतें आणि वणव्याचे दिवस सुरू झालेले असतात. ओस घरवाडीभोंवतीं गवत, घाणेरी व रानमोडी यांचें रान माजलेलें असतें. डोंगरावरून उतरणारी आग त्या वाटेनें थेट वळचणीपर्यंत येते. घर व बाग यांच्याभोंवतीं निदान ५-६ मीटर रुंदीचा पट्टा पुरता मोकळा करून घेतल्याशिवाय घरांत लाकूड आणून टाकूं नये. कापलेलें गवत जाळून टाकण्याचा मोह अनेकांना होतो, व पुष्कळ वणवे अशाच कोणाच्या तरी साफसफाईंतून सुटलेले असतात; तें खड्ड्यांत घालून कुजविणें हेंच बरें. रानमोडी हें अमेरिकेकडून आलेलें झुडूप नुसतें कापल्यानें मरत नाहीं, बुडख्यापासून पुन्हा फुटतें. वसंतांत तें कापावें आणि पहिल्या पावसानें जमीन मऊ झाली म्हणजे मुळासकट उपटावें.

आतां छपर. सगळ्या बेताचा गाभा हा आहे आणि पैशांचा मोठा वांटाहि येथेंच जाणार आहे, म्हणून यावर थोडें अधिक थांबणें भाग आहे.

भर दुपारीं दारें-खिडक्या लावून घरांत उभें राहिलें म्हणजे छपर आपली हकीकत आपणच सांगतें. जेथें उन्हाचा कवडसा पडतो तेथें वरचें कौल फुटलेलें किंवा सरकलेलें आहे. जमिनीवर कोळशानें खूण करून ठेवावी. कवडसा नसतांनाहि भिंतीवर पिवळट ओघळ असेल तर तेथें पाणी आडवाटेनें उतरतें आहे. कौलांची ही पाहणी झाली कीं लाकडाची. वाशाचें मधलें अंग बहुधा धड असतें. कुजतात तीं त्याचीं टोकें, एक भिंतीवर टेकलेलें व दुसरें वळचणीबाहेर आलेलें. सुरीचें टोक दाबून पाहावें. तें सहज आंत गेलें तर तो वासा गेला. बोटानें वाजवून पाहावें. पोकळ आवाज आला, किंवा भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या, तर वाळवी आंत आहे. आढें वांकलें असेल तर मात्र हौशी माणसानें पुढें जाऊं नये. सुतारालाच शिडीवर चढवावें.

जुन्या घरांवर बहुधा नळीचीं कौलें असतात. गांवच्या कुंभारानें चाकावर घडविलेलीं हीं कौलें हलकीं व थंड, परंतु वाऱ्यानें हलतात, वानरांच्या उड्यांनीं फुटतात, आणि दरसाल पावसापूर्वीं चाळावीं लागतात. ज्या घरांत माणूस नाहीं तेथें दरसालचें चाळणें राहातें व पडझडीची सुरुवात होते ती येथून. शिवाय नळीचीं कौलें घडविणारे कुंभारहि आतां थोडे. मंगळुरी कौलांचें तसें नाहीं. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कारखाना काढला, तेव्हांपासून हीं सांचांतलीं, एकमेकांत अडकणारीं चपटीं कौलें सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं. तीं एकदां नीट बसलीं म्हणजे दरसाल हलवावीं लागत नाहींत. फुटलेलें तेवढें बदललें कीं झालें. एका चौरस मीटरास सुमारें १५ लागतात. मात्र त्यांना रिपा सरळ व सारख्या अंतरावर लागतात, आणि जुन्या घराचे वासे तर जंगलांतून आले तसे वांकडेतिकडे लावलेले. नळीचीं काढून मंगळुरी घालावयाचीं तर नुसतीं कौलें बदलून भागत नाहीं, रिपा नव्या व कांहीं वासेहि नवे घ्यावे लागतात. हा खर्च आधीं धरलेला नसल्यानें पुष्कळांचें काम अर्ध्यावर अडतें. पत्रा स्वस्त व झटपट खरा, पण उन्हाळ्यांत त्याखालीं बसवत नाहीं, आणि नीट न आंवळलेला पत्रा वादळांत कसा उडतो तें २०२० सालीं किनाऱ्यावरच्या गांवांनीं पाहिलें आहे.

पैसा पुरणार नाहीं असें दिसलें तर काय करावें, हा खरा कसोटीचा प्रश्न. बहुतेक घरधनी अशा वेळीं सगळ्या छपरावर थोडी थोडी डागडुजी करतात आणि सगळें घर थोडें थोडें गळत ठेवतात. त्यापेक्षां अर्धें घर पुरतें झांकावें. माजघर, देवघर व स्वयंपाकघर हा घराचा गाभा. त्यावर धड लाकूड व धड कौलें घालावीं, आणि मोडकळीस आलेली पडवी व मागची चोपी आपण होऊन उतरवून घ्यावी. आपण उतरविलेल्या पडवीचे वासे, खांब, दारें हातीं राहातात. पावसानें पाडलेल्या पडवीचें सरपणहि होत नाहीं. वाडवडिलांच्या हातची पडवी स्वतः उतरविणें जड जातें यांत शंका नाहीं. कित्येक घरें या एका संकोचापायीं पुरतीं गेलीं आहेत. उतरविलेलें ऐन, किंजळ, फणसाचें लाकूड नव्या लाकडाहून बरेंच वेळां सरस निघतें. त्याचीं कुजकीं टोकें छाटून, काजूच्या टरफलांचें तेल पाजून, तें गाभ्याच्या कामीं लावावें. हें तेल हातापायांची कातडी भाजून काढतें, हें मात्र गड्याला आधीं सांगितलें पाहिजे.

छपर झालें म्हणजे पाणी संपलें असें नाहीं. तें नुसतें बाजूला गेलें. १०० चौरस मीटरांच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस पडला तर ३ लाख लिटर पाणी वळचणींतून खालीं येतें. तें जोत्याच्या पायथ्याशींच मुरूं लागलें तर चिऱ्यांमधली माती धुपते आणि छपर शाबूत असूनहि भिंत फुगते. ओस घराभोंवतीं वर्षानुवर्षांचा पाचोळा व माती साचून अंगण हळूंहळूं वर चढलेलें असतें. कधीं कधीं तें जोत्याच्या बरोबरीला आलेलें आढळतें. ही माती जोत्याचा खालचा थर उघडा पडेपर्यंत काढून टाकणें आणि उताराकडे, पऱ्ह्याच्या दिशेनें, पाण्याला वाट करून देणें हें दोन गड्यांचें चार-सहा दिवसांचें काम. त्याला विकत आणावें असें कांहींच लागत नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, तें राहून जातें. पावसाची झड येते ती मुख्यतः नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून. त्या अंगाच्या भिंतीला झावळ्यांचे झांप बांधण्याची जुनी चाल अजून सोडण्यासारखी झालेली नाहीं. मातींत बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंतीवर बाहेरून सिमेंटचा गिलावा चढविण्याचा प्रघात मात्र पडला आहे. त्यानें आंतला ओलावा आंतच कोंडतो. दुरुस्ती चुन्याची बरी.

विहिरीचें काम वैशाखाचें. जांभ्याची जमीन सच्छिद्र. आषाढांत जी विहीर कांठोकांठ भरते तिचाच तळ वैशाखांत दिसूं लागतो, व गाळ काढावयाची वेळ तीच. वर्षानुवर्षें न उपसलेल्या, वर झाडी माजलेल्या विहिरींत जड व विषारी वायु साठतो आणि तो दिसत नाहीं. आधीं वरची झाडी तोडून विहीर दोन दिवस मोकळी सोडावी. मग पेटता कंदील दोरानें तळापर्यंत सोडून पाहावा. तो मंदावला किंवा विझला तर कोणीहि उतरूं नये. तो जळत राहिला म्हणजे धोका नाहींच असेंहि नव्हे, कारण कांहीं विषारी वायु दिव्याला कळत नाहींत. घागरी वारंवार सोडून-ओढून हवा हालविली पाहिजे, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर व वर दोन सशक्त माणसें असलींच पाहिजेत. डिझेलचा पंप विहिरींत उतरवून चालवूं नये. त्याच्या धुरानेंच माणसें गेलीं आहेत. आणि आंतला माणूस भोवळ येऊन पडला तर दुसऱ्यानें त्याच्यामागें उडी घेऊं नये, दोरानेंच वर ओढावें. विहिरीच्या अपघातांत दुसरा व तिसरा बळी असाच जातो, तोहि बहुधा सख्ख्या भावाचा किंवा मुलाचा.

गाळ निघाल्यावर पाण्यांत ब्लीचिंग पावडर घालावयाची. नेहमींचें प्रमाण दर १००० लिटरला २.५ ग्रॅम. ३ मीटर व्यासाच्या विहिरींत २ मीटर पाणी असेल तर तें सुमारें १४,००० लिटर होतें, म्हणजे ३५ ग्रॅम पावडर. परंतु नुकत्याच उपसलेल्या विहिरीला पहिली मात्रा याहून बरीच मोठी लागते. ती ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या माणसाला विचारून द्यावी, व पाणी तपासून घेतल्यावरच पिण्यास वापरावें.

ढांसळलेला गडगा रचतांना आणि कौलें उतरवितांना कोंकणांत एका शेजाऱ्याची आठवण ठेवावी लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गांत फुरसें विपुल. तें लहान असतें, दगडाच्या रंगांत मिसळून जातें, आणि पडक्या गडग्यासारखी जागा त्याला दुसरी नाहीं. दगड हातानें न उचलतां पहारीनें उलटावा, पायांत जाड बूट घालावे, आणि सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या रुग्णालयांत मिळते तें काम सुरू करण्यापूर्वीं विचारून ठेवावें. कौलांखालीं लाल विंचू असतो. त्याच्या दंशानें पूर्वीं पुष्कळ मुलें दगावत. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला व त्यांचा लेख १९८६ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून ही भीति पुष्कळ कमी झाली. औषध मात्र वेळेवर मिळालें पाहिजे. मांत्रिकाकडे घालविलेला तास परत येत नाहीं.

परसांतल्या व बागेंतल्या झाडांच्या बाबतींत उत्साह सर्वांत अधिक फसतो. आंब्याच्या कलमाला १ मीटर लांब, रुंद व खोल खड्डा लागतो आणि दोन कलमांत १० मीटर अंतर. हेक्टरीं १०० कलमें बसतात. यंत्रानें शंभर खड्डे आतां दोन-तीन दिवसांत होतात, आणि म्हणूनच घरधनी शंभर खणून मोकळा होतो. खड्डा खणणें हें कलम लावण्याचें सर्वांत सोपें अंग आहे. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक कलमाला हातानें पाणी पाजावें लागतें, गुरांपासून व वणव्यापासून राखावें लागतें. घरांत कोणी राहाणार नसेल तर शंभर कलमांचीं तिसऱ्या वर्षीं शंभर काटकीं होतात. १९९० सालीं रोजगार हमीला जोडून सरकारनें फळबागांची योजना काढली व कोंकणांतील कातळ-माळांवर मोठी लागवड झाली. त्यांत टिकल्या त्या ज्यांच्याकडे माणूस होतें त्या बागा. पहिल्या वर्षीं दहा खड्डे पुरेत. ते चैत्रांत खणून उन्हांत तापूं द्यावे आणि पावसापूर्वीं वरची माती व शेणखत घालून भरून ठेवावे. ज्याचें येणें-जाणें बेभरंवशाचें आहे त्यानें आंब्यापेक्षां काजू लावावा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानें काढलेल्या जातींचीं कलमें मिळतात आणि काजू हयगय अधिक सोसतो. जुन्या आंब्यांवरचीं बांडगुळें मात्र आतांच, ज्या फांदीवर तीं रुजलीं असतील ती फांदी खालून कापून, काढावीं. मोठी छाटणी वसंतांत करूं नये. फळ झाडावर असतें आणि उघडें पडलेलें खोड उन्हानें भाजतें. घरावर झुकलेलें धोक्याचें झाड पावसापूर्वीं उतरवावें हें खरें, परंतु आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वयें परवानगी लागते. अर्ज शिमग्यांत दिला तर ती वेळेवर हातीं येण्याची आशा.

कागदांचें काम वास्तविक सर्वांआधींचें, पण तें कोणालाच आवडत नाहीं म्हणून शेवटीं सांगण्याची वेळ येते. ओस घराचा सात-बारा उतारा काढला म्हणजे त्यावर दहा, वीस, कधीं चाळीस नांवें निघतात. त्यांतलीं निम्मीं वारलेल्यांचीं असतात. ज्या शेतांना कुटुंब आपलीं समजत आलें तीं १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कुळाच्या नांवावर गेलेलीं आहेत, हें कळावयासहि नातवाला कधीं कधीं हा पहिला वसंत लागतो. घराच्या घरपट्टीवर नांव एकाचें, वहिवाट दुसऱ्याची, आणि पैसा घालणार तिसरा. अशा ठिकाणीं गांवीं राहिलेला वडील चुलतभाऊ जें सांगतो तेंच शहाणपणाचें असतें : “अरे, कौलें तूं घाल, मी आडवा येत नाहीं. पण उद्यां पडवी कोणाची, हें आजच लिहून ठेव.” सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांचें एक साधें संमतिपत्र, खर्चाची वही, आणि उतरविलेल्या प्रत्येक खांब-तुळईची नोंद, एवढें केलें तरी पुढचे पुष्कळ तंटे टळतात. जमिनीची वाटणी तहसीलदाराकडे अर्ज करून पुढें केव्हांहि होऊं शकते. तिच्यासाठीं छपर अडवूं नये. पण सह्यांवांचून पहिली कुदळहि मारूं नये. भावकींतल्या एकाच्या हरकतीनें वैशाखांत उघडलेलें छपर तसेंच राहिलें, तर घराचा तो शेवटचा पावसाळा ठरतो.

उरला तो माणसाचा प्रश्न, आणि यादींत त्याला बहुधा जागाच नसते. जुन्या घराचें लाकूड इतकीं वर्षें टिकलें तें चुलीच्या धुरानें. धूर आढ्यापर्यंत चढे, लाकूड कोरडें राही, वाळवी व भुंगा तेथें घर करीत नसत. आतां चूल गेली, गॅस आला; घर कुलुपांत राहिलें तर तोहि नाहीं. बंद घरांत श्रावणांत भिंतींना बुरशी चढते, एक कौल सरकलेलें कोणाला कळत नाहीं, आणि दोन महिन्यांत त्या एका कौलाखालचा वासा जातो. म्हणून मृगापूर्वींच्या कामांत शेवटचें काम हें धरावें : किल्ली कोणाकडे राहाणार. शेजारचें एखादें घर दर आठ दिवसांनीं दारें उघडील, न्हाणीघरांतल्या चुलीवर तासभर लाकडें जाळील, जोराच्या पावसानंतर माजघरांत एक फेरी मारील. त्याबद्दल त्याला काय द्यावयाचें तें मोकळेपणानें ठरवावें. परसांतले नारळ किंवा खळ्याशेजारची भाताची दळी कसावयास देणें ही यांतली जुनी व अजून चालणारी रीत आहे, फक्त तीहि त्या वहींत लिहिलेली असावी. घरांतच कोणी एकजण, निवृत्त झालेला भाऊ किंवा वडील बहीण, पहिला पावसाळा काढावयास तयार झाली, तर छपरावर थोडा कमी खर्च झाला तरी चालतो.

पुढें भाद्रपदांत गणपतीला सगळें कुटुंब येईल. तोंवर ३ महिन्यांचा पाऊस छपरावरून गेलेला असेल आणि भिंतीवर जेथें ओल आली असेल तेथें ती दिसत असेल. त्या ओलीभोंवतीं कोळशानें रेघ ओढून तारीख घालावी. आरती झाली कीं सर्वांनीं मिळून त्या रेघा मोजाव्या आणि दिवाळीनंतरच्या कामांची यादी त्यांवरून करावी. रंगाचा विषय तेव्हां काढला तरी चालेल.